पाहुणे दहा लाख, यजमान पाच लाख : आसरा देणाऱ्या गावांचा पाठ



निर्वासितांचा विषय वर्गात निघाला की मुलांच्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र उभं राहतं. डोक्यावर बोचकं, कडेवर मूल, पायाखाली चिखल आणि पुढे तंबूंची रांग. चित्र खरंच आहे. पण त्या चित्राच्या कडेला आणखी कोणीतरी उभं असतं आणि त्याच्याकडे आपलं लक्ष जात नाही. तंबू ज्या माळावर लागले, तिथे कालपर्यंत कोणाची तरी गुरं चरत होती. ज्या विहिरीवर रांग लागली, ती कोणत्या तरी गावाची विहीर होती. या गावाचं पुढे काय होतं? त्याच्या चुलीचं, पाण्याचं, मजुरीचं, शाळेचं काय होतं? आजचा पाठ याच प्रश्नावर आहे.

हा पाठ साधारण आठवी ते दहावीच्या मुलांसाठी दोन तासांत घेता येतो. भूगोल, अर्थशास्त्र आणि नागरिकशास्त्र तिन्ही यात येतात. आधी शिक्षकांसाठी माहिती देत आहे, मग वर्गातला उपक्रम आणि शेवटी प्रश्न.

१. आधी शब्द समजून घेऊ

युद्ध, छळ किंवा जिवाची भीती यामुळे आपला देश सोडून दुसऱ्या देशात आलेला माणूस म्हणजे निर्वासित किंवा शरणार्थी. तो ज्या भागात येऊन राहतो, तिथल्या मूळ रहिवाशांना 'यजमान समाज' म्हणतात. मुलांना हा शब्द जड वाटला तर सरळ 'आसरा देणारं गाव' म्हणा.

दुसरा शब्द 'उपजीविका'. म्हणजे पोटापाण्याची सोय : शेती, मासेमारी, मजुरी, दुकान. तिसरी कल्पना तग धरण्याची. संकट आलं तरी कोलमडून न पडता पुन्हा उभं राहण्याची ताकद. एखाद्या कुटुंबाकडे एकच एकर आणि एकच बैल असेल तर एका दुष्काळात ते बसतं. दोन-तीन मिळकतीची साधनं, जवळ दवाखाना आणि गाठीला चार पैसे असतील तर ते तरून जातं. गावाचंही तसंच असतं.

मुलांच्या मनात आणखी एक गैरसमज असतो. निर्वासित म्हणजे युरोप-अमेरिकेकडे जाणारे लोक, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात जगातले सुमारे दोन-तृतीयांश निर्वासित शेजारच्याच देशात थांबलेले आहेत आणि सुमारे तीन-चतुर्थांश कमी किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहेत. म्हणजे गरिबाच्या दारात बहुतेक वेळा गरीबच उभा असतो. सीमेलगतचे जिल्हे त्या देशातही मागासलेलेच असतात, हेही मुलांच्या लक्षात आणून द्या.

२. उखिया आणि टेकनाफ : नकाशा आणि आकडे

फळ्यावर बांगलादेशचा नकाशा लावा. अगदी आग्नेय टोकाला, शेपटीसारखी निमुळती होत गेलेली एक पट्टी दिसेल. एका बाजूला बंगालचा उपसागर, दुसऱ्या बाजूला नाफ नदी आणि नदीपलीकडे म्यानमार. हा कॉक्स बाजार जिल्हा. त्यात उखिया आणि टेकनाफ हे दोन उपजिल्हे आहेत, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यांसारखे. इथले लोक भात पिकवतात, पानमळे आणि सुपारीच्या बागा राखतात, मिठागरांवर राबतात, मासे धरतात, सुकी मासळी विकतात. आपल्या कोकणातल्या मुलांना हे सगळं ओळखीचं वाटेल.

२५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या राखाइन प्रांतातून लष्करी कारवाईमुळे रोहिंग्या लोक जीव मुठीत धरून नाफ ओलांडू लागले. काही महिन्यांत सात लाखांहून जास्त माणसं आली. त्यांत निम्म्याहून अधिक मुलं होती. हे पहिलंच स्थलांतर नव्हतं. १९७८ मध्ये सुमारे दोन लाख आणि १९९१-९२ मध्ये सुमारे अडीच लाख रोहिंग्या असेच आले होते. त्यांतले बरेच परत पाठवले गेले, काही तिथेच राहिले. आज त्या भागातल्या शिबिरांत दहा लाखांहून अधिक लोक आहेत आणि कुतुपालोंगचं शिबिर जगातल्या सर्वांत मोठ्या निर्वासित वस्त्यांत गणलं जातं.

आता यजमानांचा आकडा पाहा. २०११ च्या जनगणनेत उखिया आणि टेकनाफ मिळून लोकसंख्या होती सुमारे पावणेपाच लाख.

मोठे आकडे मुलांच्या डोक्यावरून जातात. म्हणून ते लहान करून सांगा. समजा आपलं गाव ४,७०० वस्तीचं आहे. चार-पाच महिन्यांत गावात ७,००० पाहुणे आले. गावात बोअर तेवढेच, दवाखान्यात डॉक्टर एकच, शाळेच्या खोल्या त्याच, रस्ता एकेरी. आणि पाहुणे कधी जातील हे कोणालाच सांगता येत नाही. एवढं सांगून एक मिनिट शांत राहा. मुलं आपणहून प्रश्न विचारू लागतात.

३. पहिला घास गावानेच दिला

मोठ्या संस्थांचे ट्रक पोहोचायला वेळ लागतो. तोपर्यंत माणूस कोणाच्या जिवावर जगतो? उखिया-टेकनाफमध्ये पहिल्या दिवसांत स्थानिक लोकांनीच भात शिजवून वाटला, कपडे दिले, अंगणात, पडवीत, शाळांच्या आवारात लोकांना टेकू दिलं. भाषेचीही मोठी अडचण नव्हती, कारण रोहिंग्यांची बोली आणि तिथली चाटगावी बोली एकमेकींच्या जवळच्या आहेत.

हा मुद्दा पाठात ठळकपणे यायला हवा. मदतीच्या हिशोबात देणगीदार देशांची नावं लिहिली जातात. पण पहिली आणि सर्वांत लांब चालणारी देणगी यजमान गावाची असते. जमीन, पाणी, लाकूड, रस्ता, शाळा हे सगळं ते देत राहतं आणि त्याची पावती कोणी फाडत नाही.

४. तोटा कोणाला, फायदा कोणाला?

इथे एक मोठी चूक टाळायची आहे. 'गावाला त्रास झाला' किंवा 'गावाचा फायदा झाला' अशी दोन्ही विधानं अर्धवट आहेत, कारण गाव म्हणजे एक माणूस नसतो. फळ्यावर दोन रकाने करा आणि मुलांकडूनच भरून घ्या.

ज्यांच्याकडे रस्त्यालगत जागा होती, त्यांना भाडं मिळू लागलं. दुकानदाराचं गिऱ्हाईक वाढलं. ज्याच्याकडे गाडी होती त्याला भाडी मिळाली. शिकलेल्या, थोडं इंग्रजी येणाऱ्या तरुणांना मदत संस्थांत नोकऱ्या मिळाल्या.

आता दुसरा रकाना. भूमिहीन मजुराची मजुरी घसरली. शिबिरातल्या लोकांना काम करायला अधिकृत परवानगी नाही. त्यामुळे जो लपतछपत कामाला येतो, तो पडेल त्या पैशात राबतो. आठवडी बाजारात भाजी-मासळी महागली. मजुरी उतरली आणि भाव चढले, म्हणजे गरिबाला दोन्हीकडून मार. नाफ नदीतली मासेमारी २०१७ मध्ये सुरक्षेच्या आणि अमली पदार्थांच्या तस्करीच्या कारणाने बंद करण्यात आली आणि ती बंदी अनेक वर्षं चालली. नदीकाठच्या मच्छीमाराच्या होड्या वाळूत पडून राहिल्या. चराऊ रानात वस्त्या उठल्या, त्यामुळे गुरं विकावी लागली.

दोन्ही रकाने शेजारी ठेवले की मुलांना कळतं : ज्याच्याकडे आधीच काही होतं त्याला संधी मिळाली. ज्याच्याकडे फक्त दोन हात होते, त्याच्याच वाट्याला स्पर्धा आली. म्हणून 'यजमान समाजाला मदत' असं नुसतं म्हणून भागत नाही. मदत दुसऱ्या रकान्यातल्या माणसापर्यंत पोहोचली का, हे विचारावं लागतं.

५. लाकूड, पाणी आणि शाळा

*लाकूड.* शिबिरांसाठी हजारो एकर वनजमीन मोकळी झाली. त्यात रानटी हत्तींच्या ये-जा करण्याच्या वाटाही आल्या. हत्ती वस्तीत शिरून माणसं दगावल्याच्या घटना सुरुवातीच्या महिन्यांत घडल्या. पण झोपड्या उभ्या राहिल्यावरही जंगल कमी होतच राहिलं, कारण प्रत्येक चुलीला लाकूड लागत होतं. हे गणिताच्या तासालाही घेता येईल. शिबिरांत साधारण दोन लाख कुटुंबं आहेत असं धरा. समजा एका चुलीला दिवसाला पाच किलो लाकूड लागतं. म्हणजे रोज दहा लाख किलो, अर्थात हजार टन. दहा टनांचा एक ट्रक धरला तर रोज शंभर ट्रक! पाच किलो हे आपण धरलेलं माप आहे. मुलांना ते कमी-जास्त करून पाहू द्या. उत्तर बदलेल, पण डोंगर बोडका का झाला ते समजेल. आणि त्याच डोंगरावरून गावातल्या बायकाही सरपण आणायच्या, हे विसरू नका.

*पाणी.* हजारो नळकूपं खोदली गेली. उथळ विहिरींचं पाणी खाली गेलं, काहींचं दूषित झालं. टेकनाफ भागात तर जमिनीखालचं गोडं पाणी आधीच कमी आहे आणि समुद्र-खाडीजवळ ते खारट लागतं. तिथे पावसाचं पाणी साठवणं आणि ते शुद्ध करून पुरवणं हाच मुख्य आधार ठरला.

*शाळा.* हा भाग आपल्याला, शिक्षकांना, जास्त टोचेल. सुरुवातीच्या काळात काही शाळा-महाविद्यालयांच्या इमारती मदतकार्यासाठी आणि सुरक्षा दलांसाठी वापरल्या गेल्या. रस्त्यावर गाड्यांची एवढी गर्दी झाली की शाळेत पोहोचायलाच मुलांना उशीर होऊ लागला. मदत संस्थांचा पगार शाळेच्या पगारापेक्षा जास्त, म्हणून काही शिक्षकांनी शाळा सोडल्या. मोठ्या वर्गांतली मुलंही शिबिरातल्या कामांकडे वळली. त्या पोरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. घरात बापाची होडी बंद पडलेली असताना हातात येणारा पगार कोणाला नको असतो? पण दहावी-बारावी अर्धवट सोडलेला मुलगा, मदतीचा निधी आटल्यावर कुठे जाणार? यजमान गावाचं हे नुकसान लगेच दिसत नाही, दहा वर्षांनी दिसतं.

६. मग उपाय कोणते चालले?

इथे मुलांना एक कसोटी द्या : *या मदतीचा उपयोग शिबिर आणि गाव दोघांना होतो का, आणि मदत थांबल्यावर मागे काही उरतं का?* या कसोटीवर तीन उदाहरणं तपासू.

पहिलं, गॅस. २०१८ पासून संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी शिबिरातल्या कुटुंबांना शेगडी आणि गॅस सिलिंडर द्यायला सुरुवात केली. महत्त्वाचं म्हणजे आसपासच्या गावांतल्या कुटुंबांनाही त्यात घेतलं. सरपणाची मागणी झपाट्याने घटली. बायका-मुलींचे जंगलातले तास वाचले, सरपणावरून होणारी भांडणं कमी झाली. उघड्या उतारांवर झाडं आणि माती धरून ठेवणारा वाळा लावता आला. लावण्याच्या, राखण्याच्या कामाची मजुरीही लोकांना मिळाली. एका शेगडीने एवढी कामं केली. पण लक्षात ठेवा, सिलिंडर भरून मिळणं थांबलं तर चूल पुन्हा लाकडावर येते. म्हणजे कसोटीचा पहिला भाग पास, दुसरा अर्धा.

दुसरं, भाजी. सुरुवातीला शिबिरात बाहेरून आणलेला तांदूळ, डाळ, तेल वाटलं जायचं. पुढे कुटुंबांना कार्ड देऊन ठरवलेल्या दुकानांतून धान्य घेण्याची पद्धत आली आणि त्या दुकानांत ताजी भाजी, अंडी, मासळी ठेवली जाऊ लागली. हा माल शक्यतो उखिया-टेकनाफच्या शेतकऱ्यांकडून घ्यायचा असं ठरलं. गावोगावी भाजी गोळा करण्याची केंद्रं सुरू झाली, त्यांत बायकांचे गट पुढे होते. दहा लाख पोटं जर ओझं असतील, तर तीच दहा लाख पोटं बाजारपेठही आहेत. मधली वाट कोण बांधतं, यावर सगळं अवलंबून असतं. आपल्याकडे शालेय पोषण आहाराची भाजी गावातल्याच बचत गटाकडून घ्यावी असं आपण म्हणतो, त्यामागेही हाच विचार आहे.

तिसरं, रस्ते, गटारं, बंधारे, पाणीसाठे. हे बांधताना गावातल्या भूमिहीनांना रोजंदारी दिली तर दोन कामं होतात. मजुराला आज पैसा मिळतो आणि गावाला उद्यासाठी रस्ता मिळतो. ज्या महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं पाहिली, तिथल्या मुलांना हे घरच्या माणसांकडूनही ऐकायला मिळेल.

आता उलट उदाहरण. २०२३ मध्ये निधी कमी पडला म्हणून जागतिक अन्न कार्यक्रमाने शिबिरातलं दरडोई महिन्याचं रेशन १२ डॉलरवरून आधी १० आणि मग ८ डॉलरवर आणलं. ८ डॉलर म्हणजे दिवसाला साधारण २७ सेंट. पुढे ते पुन्हा वाढवलं गेलं. पण मुलांना विचारा : शिबिरातलं रेशन कमी झालं, तर गावातल्या मजुराच्या घरी काय होईल? धागा जुळवायला त्यांना वेळ द्या. रेशन कमी झालं की शिबिरातला माणूस जास्त धडपडून काम शोधतो, अजून कमी मजुरीला तयार होतो आणि गावातल्या मजुराची मजुरी आणखी घसरते. निर्वासिताचं ताट आणि यजमानाचं ताट एकाच दोरीला बांधलेलं असतं, हे यातून दिसतं. 'त्यांना कमी द्या म्हणजे आपल्याला जास्त मिळेल' हे गणित इथे चुकतं.

७. दुसरी वाट : युगांडा

एकच उदाहरण दिलं तर मुलांना वाटतं की दुसरं काही शक्यच नाही. म्हणून तुलनेसाठी आफ्रिकेतला युगांडा घ्या. बांगलादेशात निर्वासित कुंपणाच्या आत राहतात आणि त्यांना नोकरी-धंदा करता येत नाही. युगांडाने २००६ मध्ये कायदा करून निर्वासितांना काम करण्याचा आणि देशात फिरण्याचा हक्क दिला. तिथे त्यांना वसाहतीत घरापुरती आणि थोडी भाजी लावण्यापुरती जमीन मिळते. निर्वासितांसाठी येणाऱ्या मदतीतला सुमारे ३० टक्के वाटा यजमान भागासाठी वापरावा, असंही तत्त्व तिथे ठरलेलं आहे. ते दर वेळी पूर्ण पाळलं जातंच असं नाही, पण तत्त्व लिहिलेलं असलं की गावकऱ्याला ते मागता येतं.

दक्षिण सुदानमध्ये २०१६ साली पुन्हा लढाई पेटली. त्या ऑगस्टमध्ये उत्तर युगांडातल्या यूम्बे जिल्ह्यात बिडीबिडी वसाहत सुरू झाली आणि वर्ष संपण्याआधीच तिथे अडीच लाखांहून अधिक लोक आले. ज्या जमिनीवर ती वसली ती तिथल्या समाजाची वडिलोपार्जित सामाईक जमीन होती. गावातल्या वडीलधाऱ्यांनी ती वापरायला दिली. का दिली? एक कारण म्हणजे रस्ता, शाळा, दवाखाना येईल ही आशा. दुसरं कारण आठवणीचं. इदी अमीनची राजवट १९७९ मध्ये कोसळल्यानंतरच्या हिंसेत याच भागातली माणसं पळून सुदानमध्ये गेली होती आणि तिथे त्यांना आसरा मिळाला होता. काल जे पाहुणे होते ते आज यजमान झाले.

बिडीबिडीतला पाण्याचा प्रवास मराठवाड्यातल्या मुलांना पटकन समजेल. सुरुवातीला सगळं पाणी टँकरने यायचं. टँकरवर पैसा रोज खर्च होतो आणि संध्याकाळी हातात काही उरत नाही. पुढे खोल बोअर, सौर पंप आणि नळयोजना झाल्या, आणि त्या वसाहतीला तसंच आसपासच्या गावांनाही पाणी देऊ लागल्या. शाळा आणि आरोग्य केंद्रंही दोघांची. निर्वासित मुलगी आणि गावातली मुलगी एकाच बाकावर बसते.

पण युगांडाचं चित्र गुळगुळीत करून सांगू नका. तिथेही वर्ग भरून वाहतात, झाडं तुटतात, निधी आटतो. सप्टेंबर २०२० मध्ये राइनो वसाहतीत पाणवठ्यावर सुरू झालेलं भांडण इतकं वाढलं की दहा निर्वासितांचा जीव गेला. एका हंड्यावरून! चांगला कायदा असला तरी पाणी पुरलं नाही, तर शेजारधर्म किती लवकर तुटतो, हे मुलांना कळायला हवं.

८. आपल्या घरातला धागा : १९७१ चं तिकीट

'हे सगळं लांबचं आहे' असं कोणी म्हणालं तर १९७१ सांगा. त्या वर्षी पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सर्वांत मोठा भार पश्चिम बंगाल, त्रिपुरा, आसाम, मेघालय यांच्यावर पडला. त्रिपुराची लोकसंख्या तेव्हा सुमारे साडेपंधरा लाख होती आणि तिथे आलेले निर्वासित जवळजवळ त्याच्याच तोडीचे होते.

मग पुण्या-नागपूरच्या माणसाचा यात काय संबंध? नोव्हेंबर १९७१ पासून सरकारने टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावणं सुरू केलं. त्यावर 'शरणार्थी सहायता' असं छापलेलं असे. म्हणजे सोलापुरातून पाकीट पाठवणारा माणूस पाच पैशांनी त्रिपुरातल्या भाराला हात लावत होता. आगरतळ्याच्या माणसाने अंगण दिलं, सोलापूरच्या माणसाने पाच पैसे दिले. सीमेवरच्या गावावर सगळं सोडून द्यायचं नाही, लांबच्यांनी वाटा उचलायचा, हे तत्त्व त्या छोट्या तिकिटात होतं.

हेच तत्त्व पुढे जगाच्या पातळीवर लिहिलं गेलं. डिसेंबर २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने निर्वासितांविषयीचा जागतिक करार स्वीकारला. त्याच्या चार उद्दिष्टांतलं पहिलंच आहे : यजमान देशांवरचा ताण हलका करणे. हा करार कायद्याने कोणाला बांधत नाही. म्हणून तर लोकांनी तो समजून घेणं जास्त गरजेचं आहे.

उपक्रम म्हणून मुलांना घरातली जुनी पाकिटं शोधायला सांगा. आजीच्या ट्रंकेत ते तिकीट सापडलं तर वर्गात तो सणच होईल.

९. वर्गातला खेळ : शंभर चिंचोके

साहित्य : शंभर चिंचोके, आठ वाट्या, आठ चिठ्ठ्या. खर्च शून्य.

वाट्यांवर चिठ्ठ्या लावा : शिबिरातलं धान्य, निवारा, दवाखाना, शाळा, पाणी, इंधन, गावातल्या मजुरांना काम, मच्छीमारांना दुसरा धंदा. वर्गाचे गट करा : शिबिरातलं कुटुंब, गावातला भूमिहीन मजूर, मच्छीमार, दुकानदार, शाळेच्या मुख्याध्यापक बाई आणि उपजिल्ह्याचे अधिकारी.

*पहिली फेरी.* फक्त अधिकारी आणि शिबिरातलं कुटुंब चिंचोके वाटतील. बाकीचे बघतील. नंतर प्रत्येक गटाला एकच वाक्य बोलायला सांगा : 'आता माझ्या घरी काय होईल?'

*दुसरी फेरी.* सगळे गट मिळून वाटतील. भांडण होईल, होऊ द्या. फक्त एक नियम : कोणत्या वाटीचा उपयोग दोघांना होतो, ते आधी शोधायचं. पाणी, दवाखाना, शाळा, इंधन या वाट्यांकडे मुलं आपणहून वळतात का, ते पाहा.

*तिसरी फेरी.* तुम्ही वाट्यांतून तीस चिंचोके काढून घ्या. 'निधी कमी झाला' एवढंच सांगा. आता कुठून काढायचे ते मुलं ठरवतील. धान्याच्या वाटीतून काढले, तर मजुराच्या गटाला विचारा की तुमच्यावर काय परिणाम झाला. सहाव्या भागातला रेशनचा धागा मुलांच्या हाताला लागतो तो इथे.

खेळ संपल्यावर हार-जीत सांगू नका. कोणाचं ऐकलं गेलं नाही, एवढंच विचारा.

१०. दोन गोष्टी जपून

पहिली. रोहिंग्या, बांगलादेशी हे शब्द वर्गात आले की टीव्हीवर आणि घरात ऐकलेली वाक्यं मुलं बोलणारच. त्यांना गप्प करू नका आणि ओरडूही नका. 'हे तुला कुठून कळलं? हे एका माणसाबद्दल आहे की सगळ्यांबद्दल?' असे दोन प्रश्न विचारा. आपल्या देशाने कोणाला आसरा द्यावा हा मोठ्यांच्या राजकारणाचा प्रश्न आहे आणि त्यावर मतं वेगळी असू शकतात. पण भुकेलं मूल आणि मजुरी गमावलेला बाप, दोघांचंही दुःख खरं आहे, यावर मतभेद व्हायचं कारण नाही.

दुसरी. यजमान गावाची तक्रार म्हणजे माणुसकीचा अभाव, असं मुलांच्या मनात बसू देऊ नका. ज्याने पहिल्या दिवशी आपल्या ताटातला भात दिला, तोच चौथ्या वर्षी कुरकुरतो, तेव्हा त्याचं मन लहान झालेलं नसतं. त्याचं ताट लहान झालेलं असतं. मदत त्याच्या डोक्यावरून शिबिरात जाताना तो रोज पाहतो आणि आपल्या पोराची शाळा गळताना पाहतो. त्याच्या रागाला उत्तर उपदेशाने मिळत नाही. त्याला हाताला काम, नळाला पाणी आणि शाळेला मास्तर लागतो.

पालकहो, घरी जेवताना एवढंच विचारून पाहा : 'आपल्याकडे पाहुणे दोन दिवस आले तर आपण काय करतो? दोन वर्षं राहिले तर काय लागेल?' मुलांची उत्तरं ऐका. शेजाऱ्यांनी डबा पाठवणं, पाणी वाटून घेणं, पाहुण्यांनी कामात हात लावणं, असं बरंच काही ती सांगतील. मोठ्या संस्था जे मोठ्या शब्दांत लिहितात, त्याचं मूळ या उत्तरांत आहे.

११. चर्चेसाठी आणि वहीत लिहिण्यासाठी प्रश्न

१. उखिया-टेकनाफमध्ये कोणाचा फायदा झाला आणि कोणाचा तोटा? दोन-दोन उदाहरणं देऊन कारणं लिहा.

२. शिबिरातल्या कुटुंबांना गॅस दिल्याने गावाला कोणते फायदे झाले?

३. टँकर आणि नळयोजना यांत यजमान गावाच्या दृष्टीने काय फरक आहे?

४. निर्वासितांना काम करण्याची परवानगी दिली तर स्थानिक मजुरांचा फायदा होईल की तोटा? बांगलादेश आणि युगांडा यांची तुलना करून दोन्ही बाजू मांडा.

५. १९७१ च्या पाच पैशांच्या तिकिटामागचा विचार तुमच्या शब्दांत लिहा.

६. तुमच्या गावाच्या नकाशावर पाणी, चराऊ रान, शाळा, दवाखाना आणि बाजार दाखवा. गावाची लोकसंख्या अचानक तिप्पट झाली तर आधी कशावर ताण येईल? क्रम लावा आणि कारण द्या.

शेवटचा प्रश्न गटात सोडवायला द्या आणि जमल्यास ग्रामपंचायत सदस्यांना ती उत्तरं पाहायला वर्गात बोलवा. आपल्या गावाची तग धरण्याची ताकद किती आहे, हे मुलांना आणि मोठ्यांनाही त्या निमित्ताने मोजता येईल. ऊसतोड कामगारांच्या टोळ्या, धरणग्रस्त, पुरामुळे हललेली वस्ती अशा कोणत्या ना कोणत्या रूपात पाहुणे आपल्या शिवारातही येत असतात. त्यांच्यासाठी काय करायचं हे ठरवताना शिवारातल्या सर्वांत गरीब माणसालाही बैठकीत बसवायचं, एवढं या पाठातून मुलांनी उचललं तरी पुष्कळ झालं.

उपक्रम घेतलात तर मुलांची उत्तरं जरूर जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या वर्गाला ती दाखवता येतील.